दोन कापांच्या मधे

गुरुवारी कॅन्टीनमधे वाटाण्याचं सूप असतं.
आज मी घेतलं नाही.
सकाळपासून माझ्यासमोर काचेच्या नळीत
वाटाण्याएवढीच एक गाठ आहे,
कुणाच्या तरी काखेतून काढलेली.
लेबलवर नाव नसतं. आकडा, बारकोड
आणि 'डावी बाजू'.

पूर्वी अशीचे आम्ही काप करायचो.
मेणात बसवायची, पात्यासमोर धरायची,
केसाहून पातळ चकती कोमट पाण्यावर पसरायची.
हजारभर निघाल्या असत्या. बघायचो तीन.
उरलेलं मेण कपाटात, कपाट तळघरात,
आणि डॉक्टर लेह्तोविर्ता चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे,
"पाहिलं त्याखाली सही करतो मी.
न पाहिलेल्याखाली कोण करतं, हिल्का?"
मला ती म्हाताऱ्याची कुरकुर वाटायची.
काखेतला कळसा आम्हाला सापडलेलाच होता,
फक्त आत डोकावायचो तीनदाच.

आता कापत नाही.
अल्कोहोलमधे तिचं पाणी काढून घेतो, हळूहळू, तीन दिवस,
मग एका तेलकट द्रवात सोडतो.
त्याला दालचिनीसारखा वास येतो. हाताला चिकटतो.
नवरा विचारतो, बन भाजलेस?
मी म्हणते, नाही, बायका पारदर्शक करते.
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तो हसला होता.

चौथ्या दिवशी गाठ दिसेनाशी होते.
नळी खिडकीशी धरावी तर आत काही नाही,
कडेशी जरासा उजेड वाकलेला.
नोव्हेंबरात कालावेसी तळ्यावर पहिला बर्फ धरतो ना,
काळा, स्वच्छ,
आणि पोटावर आडवं होऊन पाहिलं
तर खाली थांबलेला मासा दिसतो,
तसं.

मग प्रकाश.
कागदासारखा पातळ, एका बाजूने आत शिरतो,
काही न कापता कापत जातो,
आणि पडद्यावर ती उभी राहते.
सबंध.
मी माउसने फिरवते. पालथी करते. आत शिरते.
शिरा, नळ्या, पेशींच्या दाट वस्त्या,
आणि जिथे दुसरा काप संपला असता
नि तिसरा अजून सुरू व्हायचा होता
तिथे, भिंतीला टेकून,
एक ठिपका.

आमच्याकडे नाताळला तांदळाच्या खिरीत
एक बदाम लपवतात.
ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्ष चांगलं.
सगळ्यांच्या वाट्या पुसून होईपर्यंत
आई टेबलावरून कुणाला उठू द्यायची नाही.
एका वर्षी तो कुणालाच मिळाला नाही.
दुसऱ्या दिवशी पातेलं खरवडताना
करपलेल्या थरात सापडला.
कुणाचा धरायचा, यावर आम्ही भावंडं भांडलो.

चौऱ्याण्णव साली तिचीही गाठ इथेच आली होती.
तीन चकत्या. स्वच्छ. सही.
पुढचे दोन नाताळ ठीक गेले.
तिसऱ्याला खीर मी केली.

नवी डॉक्टर पडद्याशी वाकते. तिशीची असेल, नाव सान्नी.
म्हणते, इतक्या लहानाला काही अर्थ असतो का,
हे अजून कुणालाच धड माहीत नाही.
कदाचित तिथेच झोपून राहिला असता.
कदाचित तिला उगाच घाबरवू आपण.
ती खरं बोलते आहे.
"पण लिहायचं?" मी विचारते.
"लिहायचंच."

मी माप टाकते: शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर.
बाहेर कुणीतरी पार्किंगमधला बर्फ ओढतंय,
फावड्याचा आवाज थांबतो, परत येतो.
ती डावी बाजूही कुठेतरी
असंच काही करत असेल आत्ता,
उजव्या हाताने.

मेण वितळवता येतं. तीस वर्षांचं जुनंही.
मग तेच: अल्कोहोल, दालचिनी, प्रकाश.
परवानगीचा एक फॉर्म असतो, दोन पानी.

तळघराची किल्ली कॉफी मशीनच्या वर
खिळ्याला अडकवलेली असते.
सगळ्यांना माहीत आहे.